दुर्मिळतेचे मोल

वस्तूचे मोल केवळ तिच्या उपयोगावरून ठरत नाही. १९०९ ते १९११ या काळात अमेरिकेतील एका तंबाखू कंपनीने सिगारेटच्या पाकिटांतून बेसबॉलपटूंची चित्रकार्डे दिली. होनस वॅग्नर या थोर खेळाडूने मात्र आपले कार्ड छापण्यास हरकत घेतली. मुलांनी तंबाखूच्या नादी लागू नये, हा त्याचा हेतू होता, असे कित्येक सांगतात. मोबदल्याचा प्रश्न होता, असे इतर म्हणतात. छपाई थांबली. आज त्याची पन्नास-साठच कार्डे ज्ञात आहेत. घेणारे मात्र पुष्कळ. म्हणूनच २०२२ साली त्यांतील एक कार्ड ७२ लाख ५० हजार डॉलरांना विकले गेले. कागद व शाई इतर कार्डांचीच. मोल वाढविले ते दुर्मिळतेने आणि हौसेने. हौस ओसरली, तर केवळ कागदच उरेल.