स्थानिक कौटुंबिक उत्पन्नाचे मोजमाप : ओरत्तनाडुच्या निमित्ताने

तंजावर जिल्ह्यातील ओरत्तनाडु हे गाव मराठी वाचकाला अगदीच परके नाही. तंजावरचे मराठे राजे सरफोजी दुसरे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी येथे मुक्तांबाळ यांच्या स्मरणार्थ अन्नछत्र उभारले. १९३४ साली मेट्टूर धरण पूर्ण झाले आणि कल्लणै कालव्याने या परिसरात कावेरीचे पाणी आले. भात, नारळ, शेतमजुरी आणि परदेशी गेलेल्या मुलांनी पाठविलेला पैसा यांवर चालणाऱ्या अशा तालुक्यातील सामान्य कुटुंबाचे उत्पन्न किती, आणि गेल्या वीस वर्षांत ते खरोखर वाढले काय? विकासयोजनांचा लाभ कोणाला मिळतो हे ठरविताना हा प्रश्न टाळता येत नाही.

सरासरी की मध्यक?

समजा, पाच कुटुंबांचे मासिक उत्पन्न ६, ८, ९, १२ आणि ४५ हजार रुपये आहे. सरासरी १६ हजार येते. परंतु पाचांपैकी चार कुटुंबे त्या आकड्याच्या खालीच आहेत. उत्पन्ने चढत्या क्रमाने मांडली असता मधोमध येणारा आकडा, म्हणजे मध्यक, ९ हजार आहे. उद्या सर्वांत श्रीमंत कुटुंबाचे उत्पन्न ९५ हजार झाले, तर सरासरी २६ हजारांवर जाईल. मध्यक मात्र हलणार नाही. भारतीय मानव विकास सर्वेक्षणात २००४-०५ मध्ये देशातील कुटुंबांचे सरासरी वार्षिक उत्पन्न सुमारे ४७,८०० रुपये, तर मध्यक सुमारे २७,९०० रुपये आढळला होता.

उपलब्ध आकडेवारीच्या मर्यादा

आपल्याकडे राष्ट्रीय नमुना पाहणीने दीर्घकाळ उत्पन्नाऐवजी उपभोग खर्च मोजला. उत्पन्न विचारण्याचे १९५० व १९६० च्या दशकांतील प्रयत्न पुढे चालले नाहीत. नाबार्डच्या पाहण्यांनुसार ग्रामीण कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न २०१६-१७ मध्ये ८,०५९ रुपये होते, ते २०२१-२२ मध्ये १२,६९८ रुपये झाले. ही सुमारे ५८ टक्के वाढ चालू किमतींतील आहे, सरासरीची आहे आणि संपूर्ण देशाची आहे. एका तालुक्याबद्दल ती फारसे सांगत नाही.

२०११ च्या सामाजिक, आर्थिक व जातिगणनेने गावोगाव माहिती घेतली. पण तिच्यात घरातील सर्वाधिक कमावत्या व्यक्तीचे मासिक उत्पन्न ५ हजारांखाली, ५ ते १० हजार की त्याहून अधिक, एवढेच नोंदविले. देशातील सुमारे ७४.५ टक्के ग्रामीण कुटुंबे पहिल्याच गटात आली. मध्यक अर्थातच त्या गटात दडला. तो नेमका कोठे, हे सांगण्याइतकी बारीक वर्गवारी नव्हती.

वर्गवारी योग्य असेल तर गणित सोपे आहे. शंभर कुटुंबांपैकी ३० कुटुंबे ५ हजारांखाली आणि ४० कुटुंबे ५ ते १० हजारांच्या गटात आहेत असे मानू. पन्नासाव्या कुटुंबापर्यंत पोहोचण्यास दुसऱ्या गटातील ४० पैकी २० कुटुंबे लागतात. म्हणून मध्यक ५ हजार अधिक ५ हजारांचा निम्मा भाग, म्हणजे साडेसात हजार.

लहान क्षेत्राचा अंदाज

राष्ट्रीय पाहणीत एका तालुक्याच्या वाट्याला मोजकीच कुटुंबे येतात. त्यांवरून थेट काढलेला मध्यक योगायोगाने वर-खाली होतो. यावर फे आणि हेरियट यांनी १९७९ साली मार्ग सुचविला : पाहणीतील थेट आकडा आणि जनगणनेसारख्या स्रोतांतील घरबांधणी, शिक्षण, सिंचन आदी माहितीवरून काढलेला अंदाज यांची सांगड घालावी, ज्याची विश्वासार्हता अधिक, त्याला भार अधिक. अनेक वर्षांचे नमुने एकत्र करणे हाही एक उपाय आहे.

काळाची तुलना

तुलनेसाठी चार पथ्ये आवश्यक आहेत. पहिले, मोजमाप जुलै ते जून या पूर्ण कृषिवर्षाचे असावे. केवळ सांबा भाताच्या सुगीनंतर विचारलेले उत्पन्न फुगलेले दिसेल. दुसरे, शेतीखर्च वजा करावा, घरी खाल्लेल्या भाताची किंमत धरावी आणि बाहेरून आलेला पैसा स्वतंत्र नोंदवावा. तिसरे, भाववाढ वगळण्यासाठी शेतमजुरांचा ग्राहक मूल्य निर्देशांक वापरावा. चौथे, कुटुंबे लहान होत असल्याने दरडोई आकडाही द्यावा.

आधारवर्षाची निवडही जपून करावी. १६ नोव्हेंबर २०१८ रोजी आलेल्या गज चक्रीवादळाने या पट्ट्यातील नारळबागा आडव्या केल्या. नवे माड फळू लागण्यास अनेक वर्षे लागतात. २०१८-१९ शी तुलना केल्यास पुढील प्रत्येक वर्ष प्रगतीचे भासेल.

दीर्घकालीन चित्रासाठी त्याच गावांची पुनःपाहणी उपयुक्त ठरते. गिल्बर्ट स्लेटर यांनी १९१८ साली प्रसिद्ध केलेल्या दक्षिण भारतीय ग्रामपाहणीत तत्कालीन तंजावर जिल्ह्यातील पालकुरिची होते. त्या गावांकडे अभ्यासक पुढेही परतले.

समारोप

केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयाने २०२६ मध्ये देशव्यापी कौटुंबिक उत्पन्न पाहणी घेण्याचे २०२५ साली जाहीर केले. तिचा लाभ तालुक्यापर्यंत पोहोचवायचा असेल, तर मध्यकासोबत तळाच्या चतुर्थकाचा आकडाही प्रसिद्ध व्हावा. मध्यक वाढला तरी भूमिहीन मजुराचे घर होते तेथेच राहू शकते. आणि योजनेची खरी गरज त्याच घराला असते.