नागसेन : एका नावाची ओळख

बँकेत नोकरीस असल्यामुळे दिवसभर आमचा नावांशी संबंध येतो. आजोबा धोंडू किंवा कचरू, वडील गौतम आणि नातू नागसेन, अशी एकाच घरातील तीन पासबुके आम्ही अनेकदा हाताळली आहेत. मूल जगावे म्हणून दगड-धोंड्याचे नाव ठेवण्याची चाल इतर जातींतही होती, हे खरे. पण आपल्या वाडवडिलांना चांगले नाव ठेवण्याची मुभाच क्वचित मिळे. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर घराघरांत नवी नावे आली, ती या पार्श्वभूमीवर.

दोन वर्षांपूर्वी एक गृहस्थ मुलाच्या शिष्यवृत्तीच्या खात्यासाठी आले. काम झाल्यावर हळूच म्हणाले, "साहेब, नाव बदलायचं असेल तर काय कागद लागतात?" मुलाचे नाव नागसेन. वर्गातली मुले त्याला 'साप' म्हणून चिडवीत आणि पोरगा शाळेत जायला कुरकुरत असे. राजपत्रात नाव प्रसिद्ध करावे लागते, ही माहिती आम्ही दिली. मग नावाचा अर्थ विचारला. "आमच्या वडिलांनी ठेवलंय. अर्थ त्यांनी सांगितला नाही, आम्ही विचारला नाही," असे उत्तर आले. हा लेख त्या उत्तरामुळे लिहावासा वाटला.

नावाचा अर्थ

पाली भाषेत 'नाग' म्हणजे साप, तसाच हत्तीही. याच शब्दाने श्रेष्ठ पुरुषाचाही गौरव होतो आणि खुद्द तथागतांनाही 'नाग' म्हटले आहे. 'आगु' म्हणजे पाप. जो पाप करीत नाही तो नाग, अशी या शब्दाची फोड सुत्तनिपातातील सभियसुत्तात दिली आहे. 'सेन' हे सेनेवरून आलेले, वीरसेन, शूरसेन यांसारख्या नावांतील पद. आपल्याकडे 'नाग' शब्दाला आणखी एक अर्थ आहे. नागपूरच का निवडले, हे सांगताना परमपूज्य बाबासाहेबांनी १५ ऑक्टोबर १९५६ च्या भाषणात बौद्ध धम्माचा प्रसार करणाऱ्या नाग लोकांचे स्मरण केले होते.

नागसेन कोण होते?

इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकात पंजाबात मिनँडर हा ग्रीक राजा राज्य करीत होता. पाली ग्रंथात त्याचे नाव मिलिंद असे आहे. त्याची राजधानी सागल, म्हणजे आज पाकिस्तानात असलेले सियालकोट, असे विद्वान मानतात. राजा वादविवादात इतका तरबेज की, 'मिलिंदपञ्ह' या ग्रंथाच्या कथेनुसार, त्याच्या प्रश्नांना कंटाळून विद्वान निघून गेले आणि सागल नगरी बारा वर्षे पंडितांवाचून ओस पडली. अशा राजासमोर भिक्खू नागसेन उभे राहिले. ते कजंगल गावी ब्राह्मण कुळात जन्मले, वेद शिकले, पुढे संघात आले आणि पाटलिपुत्रात धम्मरक्खित यांच्याजवळ त्यांनी अध्ययन केले, असे हाच ग्रंथ सांगतो.

विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावी अशी एक गोष्ट येथे आहे. चर्चा पंडितांच्या रीतीने होणार असेल तरच बोलू, राजाच्या रीतीने असेल तर नाही, अशी अट नागसेनांनी घातली. पंडित चूक दाखवली तरी रागावत नाहीत. राजा मात्र विरोध करणाऱ्यास शिक्षा देतो. राजाने ही अट मान्य केली.

पहिलाच प्रश्न नावाचा

राजाने प्रथम विचारले ते नावच. नागसेन म्हणाले, मला नागसेन म्हणतात, पण आईबाप नागसेन ठेवतात, शूरसेन ठेवतात, वीरसेन किंवा सिंहसेन ठेवतात. ती केवळ व्यवहाराची संज्ञा आहे. मग त्यांनी राजाच्याच रथाचा दाखला दिला. चाक म्हणजे रथ नव्हे, आस नव्हे, जू नव्हे, लगामही नव्हे. सर्व जुळले की त्यास रथ म्हणतात. माणसाच्या नावाचेही तसेच. नावाच्या आत नित्य असा आत्मा बसलेला नाही. अनात्म्याची शिकवण इतक्या सोप्या दाखल्याने समजावणारे प्रकरण विरळाच.

नावाचा प्रसार

ब्रह्मदेशात मिलिंदपञ्हाला त्रिपिटकात स्थान आहे. चीनमध्ये हा संवाद भाषांतराने पोहोचला आणि तेथील अठरा अर्हतांत नागसेनांची गणना होते. आपल्याकडे पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबादेत (आजचे छत्रपती संभाजीनगर) महाविद्यालय सुरू केले. त्याला मिलिंद हे नाव मिळाले आणि परिसर नागसेनवन झाला. राजा आणि भिक्खू तेथे पुन्हा शेजारी आले.

पुढे मिलिंद हे नाव महाराष्ट्रात सर्व जातीधर्मांत रुळले. नागसेन मात्र बहुतांशी आपल्याच घरांत राहिले, आणि तेथेही थोडेच. काहींना ते जड वाटते. काहींना नावावरून जात ओळखली जाईल ही भीती वाटते. ही भीती खोटी नाही आणि तिच्यापायी कोणी नाव बदलले तर त्यास नावे ठेवण्याचा अधिकार आम्हास नाही. परंतु प्रश्न विचारून राजा शिष्य झाला, आणि ज्याने उत्तरे दिली त्याच्या नावाची आपण लाज बाळगतो, हे मनाला लागते.

त्या गृहस्थांना आम्ही रथाची गोष्ट खिडकीतूनच सांगितली. मागे रांग होती, म्हणून थोडक्यात. त्यांनी हिशेबाच्या चिठ्ठीमागे 'मिलिंदपञ्ह' हे नाव लिहून नेले. मुलाचे खाते आजही त्याच नावाने चालू आहे.

पालकांना एवढेच सुचवावेसे वाटते : मुलाला नाव द्याल तेव्हा त्याची गोष्टही सांगा. नाव व्यवहारापुरते असते, त्याला अर्थ येतो तो वागण्याने, हे खुद्द नागसेनांच्याच शिकवणीला धरून आहे.