छतावरील फळे आणि टेबलावरील फुलदाणी

वस्तुचित्राचा तास आपल्या शाळांतून बहुधा एकाच रीतीने होतो. टेबलावर तांब्या ठेवावयाचा, शेजारी एखादे वांगे. मग शिक्षकांनी फळ्यावर आकृती काढावयाची आणि मुलांनी ती उतरवावयाची. तांब्याकडे कोणी पाहतच नाही. मीही अनेक वर्षे असाच तास घेतला. एकदा एका मुलाने तांब्याचे तोंड पूर्ण वाटोळे काढले. मी त्यावर लाल फुली मारली. "गुरुजी, तोंड वाटोळंच असतं ना?" असे त्याने विचारले, आणि मी पुढच्या बाकाकडे वळलो.

या प्रश्नाचे उत्तर देण्यास आपल्या जिल्ह्यातील अजिंठ्याची लेणी फार उपयोगी पडतात. छत्रपती संभाजीनगर शहरापासून ती सुमारे १०० किलोमीटरवर आहेत. सोमवारी बंद असतात. सहलीची मुले पहिल्या लेण्यात पद्मपाणीचे चित्र पाहतात व बाहेर पडतात. छताकडे क्वचितच कोणी मान वर करतो. वस्तुतः पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातील ते छत चौकटीचौकटींनी भरलेले आहे, आणि त्या चौकटींत कमळे, पाने, फळे, पक्षी, प्राणी आहेत. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून आपल्या विद्यार्थ्यांकडून येथील चित्रांच्या नकला करविल्या, त्यांत छताच्या चौकटीही होत्या. पुढे १८८५ साली लंडनमधील आगीत त्यांपैकी बऱ्याच नकला जळाल्या.

काटेकोर अर्थाने ही स्थिरचित्रे नव्हेत. ते छताचे अलंकरण आहे. परंतु आपल्या कामास ते पुरेसे आहे. लेण्यात उजेड मंद असतो व गर्दीही असते, म्हणून आत चित्र काढावयास सांगू नये. प्रत्येक मुलाने एकच चौकट निवडावी, ती दोन मिनिटे पाहावी, आणि बाहेर सावलीत बसून आठवणीने काढावी. (लहान आरसा तळहातावर आडवा धरला की छत खाली उतरते व मान दुखत नाही.) मग विचारावे : फळ कशावर ठेवले आहे? त्याची सावली कोठे पडली आहे? मुले गोंधळतात, कारण फळाखाली टेबल नाही, जमीन नाही, पडलेली सावलीही नाही. रेषेने आकार बांधला आहे, त्यात रंग भरला आहे, आणि चौकट भरून काढली आहे. चित्रकाराने फळाची जात ओळखू येईल अशी त्याची बाजू निवडली आहे.

शाळेत परतल्यावर दुसरे चित्र दाखवावे. कृष्णाजी हौळाजी आरा (१९१४–१९८५) यांच्या फुलदाणीच्या चित्राची रंगीत प्रत मिळाल्यास उत्तम. आरा हैदराबादजवळच्या बोलारमचे. आपला जिल्हाही १९५६ पर्यंत त्याच हैदराबाद राज्यात होता. लहानपणी ते मुंबईस आले, घरगड्याचे व मोटारी धुण्याचे काम करीत चित्रे काढू लागले, आणि १९४७ साली स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपचे एक संस्थापक झाले. फुले व फुलदाण्या हा त्यांचा आवडीचा विषय. प्रत समोर ठेवून तेच प्रश्न पुन्हा विचारावेत, आणि आणखी एक : चित्रकार कोठे उभा असेल? अजिंठ्याच्या चौकटीबद्दल या प्रश्नाचे उत्तर मुलांना देता येत नाही. फुलदाणीबद्दल बहुतेक वेळा देता येते. कोणते चित्र अधिक चांगले, हा प्रश्न मात्र विचारू नये. मुले शिक्षकांचा चेहरा पाहून उत्तर देतात.

आता तांब्या आणावा. तो जमिनीवर ठेवून मुलांना अगदी वरून पाहावयास सांगावे : तोंड पूर्ण वाटोळे. डोळ्यांच्या उंचीवर ठेवावा : तोंडाची केवळ एक आडवी रेघ. टेबलावर ठेवून बाकावरून पाहिल्यास लंबवर्तुळ. तांब्या एकच. माझ्या त्या विद्यार्थ्याने बाकावरून पाहिलेला तांब्या काढला नव्हता, त्याला ठाऊक असलेला काढला होता. अजिंठ्याच्या चित्रकारानेही फळाच्या बाबतीत काहीसे तेच केले आहे. फुली मारण्याऐवजी मी त्याला उठवून तांब्यापाशी न्यावयास हवे होते.

या पाठानंतर तपासताना चित्राखाली गुणांच्या अगोदर दोन शब्द लिहून घ्यावेत : मूल कोठे बसले होते, आणि त्याने पाहून काढले की आठवून.