एकबारी रायफलीचा दस्ता

एकबारी रायफलीत एका वेळी एकच काडतूस बसते. बार उडाला की रायफल उघडायची, रिकामे टरफल काढायचे आणि पुढचे काडतूस हाताने सारायचे. अमेरिकेत या रायफलींची दोन घराणी रुळलेली आहेत. एकात नळी बिजागरीवर मोडून खाली झुकते. हॅरिंग्टन अँड रिचर्डसनच्या साध्या, स्वस्त रायफली या जातीच्या. त्यांचे उत्पादन २०१५ मध्ये थांबले. दुसऱ्या घराण्यात नळीमागचा पोलादी ठोकळा खाली सरकतो. १८८५ ची विंचेस्टर आणि १९६७ मध्ये आलेली रुगर नंबर वन ही त्याची उदाहरणे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्याच्या १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचा छंद संपला, म्हणून मराठी माणसाच्या हाती असे हत्यार येते ते बहुधा परदेशात. विस्कॉन्सिनसारख्या राज्यात हरणाची शिकार परवाना काढून, ठरलेल्या हंगामात होते, आणि जुनी एकबारी रायफल थोडक्या पैशांत मिळते. दस्त्याचे वार्निश उडालेले, नळीवर गंजाचे ठिपके. ती घरीच नवी करावी असे कोणालाही वाटेल. प्रस्तुत लेखकाने तिथे असे एक काम केले. त्यातली एक चूक लाकडावर कायमची राहिली, आणि दुसरीमुळे घर पेटायचेच बाकी होते.

कामाला हात लावण्यापूर्वी रायफल उघडून नळीचे घर रिकामे असल्याची खात्री करावी, नजरेने आणि बोट घालूनही. काडतुसे दुसऱ्या खोलीत, कुलपात. रायफल जुनी आणि मूळ स्थितीतली असेल तर जाणकाराला दाखवल्याशिवाय घासू नये. संग्राहक मूळ वार्निशाला आणि मूळ काळ्या रंगाला किंमत देतात. नवी झळाळी ती किंमत उतरवते. पोलादावरचा अनुक्रमांक पॉलिश करताना पुसट होता कामा नये. तो नाहीसा केलेले हत्यार जवळ बाळगणे अमेरिकेच्या संघीय कायद्याने गुन्हा आहे.

जुने वार्निश घासून नव्हे, रसायनाने काढावे. मिथिलीन क्लोराइड असलेले रंगकाढे बंद खोलीत जीव घेतात. अमेरिकेत घरगुती वापरासाठी त्यांच्या विक्रीवर २०१९ मध्ये बंदी आली. हल्ली मिळणारे सौम्य रंगकाढे सावकाश काम करतात, पण करतात. दस्त्यावरच्या जाळीदार खाचांत जुन्या टूथब्रशने हलक्या हाताने फिरावे. तिथे पॉलिश पेपर कधीच लावू नये. स्वस्त रायफलींचा दस्ता पुष्कळदा बर्च किंवा बीचचा असतो आणि त्याला अक्रोडासारखा रंग दिलेला असतो. वार्निश निघाले की खालून फिकट, डागाळलेले लाकूड दिसते. नवा रंग हे लाकूड कसा पिते ते दस्त्यामागच्या रबरी गादीखाली, जिथे कोणाची नजर जात नाही तिथे, आधी पाहून घ्यावे.

पोचे आलेले असतील तर ओले फडके ठेवून वरून गरम इस्त्री टेकवावी. वाफेने दबलेले तंतू फुगतात आणि पोचा वर येतो. तंतू तुटलेले असतील तर मात्र ती खाच राहणारच.

आता पॉलिश पेपर. कारखान्यात दस्ता बसवताना लाकूड पोलादापेक्षा केसभर उंच ठेवतात, म्हणजे पुढे कधी घासले तरी दोन्ही एका पातळीत येतील. ही केसभर उंची म्हणजे दुरुस्ती करणाऱ्याची सारी शिल्लक. प्रस्तुत लेखकाने दस्ता रायफलीवरून सोडवला, मांडीवर घेतला आणि १२० नंबरचा कागद बोटांनी दाबून सगळीकडे फिरवला. सुट्या दस्त्याच्या कडांना आधार नसतो. बोटांखालचा मऊ कागद त्या कडा गोल करतो. दस्ता पुन्हा बसवल्यावर लाकडाला भिडणाऱ्या पोलादी पट्टीच्या दोन्ही बाजूंनी लाकूड खाली गेलेले दिसले. फरक पोस्टकार्डाच्या जाडीएवढाच होता, पण नख फिरवले की पट्टीच्या कडेला अडते आणि उन्हात तिथे सावलीची बारीक रेघ उमटते. ते लाकूड परत येत नाही. नवा दस्ता बसवणे हाच उपाय, आणि तो रायफलीच्या किमतीला भिडतो.

म्हणून कडांजवळचे घासणे दस्ता रायफलीवर असतानाच करावे. पोलादावर चिकटपट्टीचे दोन-तीन थर द्यावेत, कागद सपाट ठोकळ्याला गुंडाळावा आणि रेषांच्या दिशेनेच फिरवावा. चिकटपट्टीचा वरचा थर खरवडू लागला की थांबावे. मधल्या भागाला १८०, २२०, ३२० असा क्रम पुरतो. शेवटच्या कागदाआधी दस्ता सुटा करून ओल्या फडक्याने पुसून वाळू द्यावा; लाकडाची बारीक कुसे उभी राहतात, ती ३२० ने कापावीत. दोनदा असे केले की पुढे पावसाच्या थेंबांनी लाकूड खरखरीत होत नाही.

तेल पाजणे मराठी घरांत क्रिकेटच्या बॅटमुळे ठाऊक असते, आणि तेलही तेच: जवसाचे. फरक इतकाच की बॅटला कच्चे तेल लावतात, तर दस्त्याला ज्याला उकळलेले म्हणतात ते. ते खरे तर उकळलेले नसते. लवकर सुकावे म्हणून त्यात धातूंचे क्षार मिसळलेले असतात. कच्चे तेल आठवडेच्या आठवडे चिकट राहते. थेंबभर तेल तळहाताने जिरवावे, पंधरा-वीस मिनिटांनी उरलेले पुसून टाकावे, दिवसभर वाळू द्यावे आणि पुन्हा लावावे. दस्त्याची आतली, पोलादाला भिडणारी बाजू आणि गादीखालचे टोकही तेलाने बंद करावे. ओलावा तिथूनच शिरतो आणि हिमात लाकूड फुगते.

पुसलेल्या चिंध्यांचे काय करावे हे प्रस्तुत लेखकाला कोणी सांगितले नव्हते. तिसऱ्या हातानंतर पाच-सहा चिंध्या गोळा करून गॅरेजमधल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात टाकल्या आणि दार लावले. जेवणे आटोपली तेव्हा घरात उग्र, रंग करपल्यासारखा वास आला. खोक्यातून धूर निघत होता. वरची चिंधी हाताला गरम लागली, मधली तपकिरी होऊन करपली होती. खोके अंगणात नेऊन त्यावर बादलीभर पाणी ओतले. शेजारीच पेट्रोलचा डबा होता.

यात ठिणगीची गरज नसते. जवसाचे तेल पाण्यासारखे उडून सुकत नाही. ते हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते आणि त्या क्रियेत उष्णता निघते. पसरलेल्या चिंधीतून ती हवेत जाते, बोळ्याच्या पोटात साठत जाते. २३ फेब्रुवारी १९९१ रोजी फिलाडेल्फियातील वन मेरिडियन प्लाझा या ३८ मजली इमारतीत २२ व्या मजल्यावर लागलेली आग अशाच चिंध्यांतून सुरू झाली. तिथे भिंतींवरच्या लाकडी तक्त्यांना पॉलिश करण्याचे काम चालले होते. तीन अग्निशामक जवान मरण पावले. आठ मजले जळाले, आणि ३० व्या मजल्यावरच्या स्वयंचलित फवाऱ्यांनी ती आग थोपवली. तेलाची प्रत्येक चिंधी घराबाहेर, एकेक सुटी, तारेवर किंवा फरशीवर पसरून कडक होईपर्यंत वाळवावी, नाहीतर पाण्याने भरलेल्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात बुडवून ठेवावी.

पोलादाचे काम त्या मानाने थोडे. गंजाचे ठिपके तेल लावलेल्या अगदी बारीक स्टील वूलने काढावेत. बाटलीतला थंड काळा रंग ओरखडे झाकायला ठीक, पण तो फार टिकत नाही, आणि लावण्यापूर्वी पोलाद तेलविरहित नसेल तर डाग धरतो. सगळी नळी काळी करायची असेल तर ती कारागिराकडे द्यावी.

जोडसाहित्यात पट्टा, गादी आणि दुर्बीण. पट्ट्याच्या कडीसाठी पुढच्या लाकडात भोक पाडण्यापूर्वी तिथली जाडी मोजावी. टोकाला ते फार पातळ असते. दुर्बीण अशी बसवावी की डोळा आणि काच यांच्यात सुमारे तीन ते साडेतीन इंच राहतील, कारण धक्क्याने मागे आलेली कड भुवई फोडते. दुर्बिणीखालच्या तळपट्टीचे स्क्रू वाजवीपेक्षा लांब असता कामा नयेत. बाहेर घोडा असलेल्या रायफलीत दुर्बीण त्याच्यावरच येते आणि अंगठा पोहोचत नाही, म्हणून घोड्याला बाजूला निघणारा छोटा दांडा लावतात.

लाकूड काढून बसवल्यावर जुना नेम धरून चालू नये. पुढचे लाकूड आवळणाऱ्या स्क्रूचा ताण बदलला तरी गोळी वेगळीकडे लागते. आधी २५ यार्डांवर, मग १०० यार्डांवर नेम पुन्हा जुळवावा. दुर्बिणीचा पाव कोनीय मिनिटाचा एक टिचका १०० यार्डांवर नेम सुमारे पाव इंच सरकवतो. प्रत्येक बारानंतर नळी निवू द्यावी. रानातला पहिला बार थंड नळीतूनच उडतो.

विस्कॉन्सिनमध्ये हरणांचा नऊ दिवसांचा बंदुकीचा हंगाम नोव्हेंबरमधल्या थँक्सगिव्हिंग सणाच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो. तेल चांगले मुरायला महिनाभर लागतो आणि नेम जुळवायला दोन-तीन रविवार. दस्ता ऑगस्टमध्येच काढावा.