अल्पवयीन मुलाजवळ दारू सापडते तेव्हा : पोलिसांची कार्यपद्धती आणि मुलाचे हक्क

मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ हा आज महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम या नावाने ओळखला जातो. परवान्यावाचून मद्य बाळगणे किंवा प्राशन करणे हा त्यान्वये प्रौढाच्या बाबतीतही अपराधच आहे. परवान्यासाठी बिअरसारख्या सौम्य मद्याकरिता वयाची २१ वर्षे, तर तीव्र मद्याकरिता २५ वर्षे पूर्ण झालेली असावी लागतात. मात्र यात्रेत किंवा वरातीत दारूसह सापडलेल्या सोळा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत केवळ हा कायदा पाहून भागत नाही. अठरा वर्षांखालील प्रत्येक मुलास बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ लागू होतो आणि पोलिसांची कार्यपद्धती तेथूनच निराळी होते.

या कायद्याच्या भाषेत असा मुलगा आरोपी नसून ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ असतो. त्यास ताब्यात घेतल्यास विशेष बाल पोलीस पथकाच्या किंवा ठाण्यातील बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याच्या स्वाधीन करावे लागते. असा किमान एक अधिकारी प्रत्येक ठाण्यात नेमलेला असावा, त्याचा दर्जा सहायक उपनिरीक्षकाहून कमी नसावा, असे कायदा सांगतो. प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत मुलास बाल न्याय मंडळापुढे हजर करावे लागते. त्यास कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. एका रात्रीपुरतेही नाही. बेडी घालता येत नाही. आई-वडिलांना कळविणे हे पोलिसांचे कर्तव्य आहे, ती मेहेरबानी नव्हे.

तीन वर्षांपर्यंत शिक्षा असलेले अपराध हा अधिनियम ‘किरकोळ’ मानतो आणि केवळ मद्यप्राशनाचे प्रकरण सामान्यतः याच वर्गात मोडते. २०१६ च्या आदर्श नियमांनुसार अशा प्रकरणी, प्रौढांचा सहभाग नसल्यास, प्रथम खबर नोंदविली जात नाही. ठाणे दैनंदिनीत नोंद करून मुलाच्या सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल मंडळाकडे पाठवावयाचा असतो. मुलाच्या हितासाठी आवश्यक असेल तेव्हाच त्यास ताब्यात घ्यावे, एरवी पालकांना मंडळापुढील तारीख कळवावी, अशी ही योजना आहे. विचारपूस करताना पालक उपस्थित राहू शकतात. मुलास कोणत्याही जबाबावर सही करावयास सांगता येत नाही आणि विनामूल्य विधी साहाय्याची माहिती त्याच्या पालकांना द्यावी लागते.

गावात मात्र पुष्कळदा निराळेच घडते. चार वजनदार माणसे मध्ये पडतात, मुलास दोन थपडा बसतात, कोऱ्या कागदावर बापाचा अंगठा घेतला जातो आणि प्रकरण ‘मिटते’. यात मुलाचे भले झाले असे वाटते. पण दारू कोणी दिली हा प्रश्न तसाच राहतो. मुलास मद्य देणाऱ्याला या अधिनियमाच्या कलम ७७ अन्वये सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मुलाकरवी दारूची ने-आण किंवा विक्री करविणाऱ्यास कलम ७८ अन्वये तेवढीच शिक्षा आहे. कायद्याचा खरा रोख या माणसावर आहे आणि परस्पर मिटविलेल्या प्रकरणात नेमका तोच सुटतो.

वयाचा वाद उद्भवल्यास प्रथम शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा शालान्त प्रमाणपत्र पाहिले जाते. ते नसेल तर ग्रामपंचायत अथवा नगरपालिकेचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय चाचणी. मुख्याध्यापकांनी किंवा ग्रामसेवकांनी दाखला देण्यास चार दिवस लावले, तर तेवढ्या काळात सतरा वर्षांचा मुलगा प्रौढ समजला जाण्याचा धोका असतो. एकोणीस वर्षांचा महाविद्यालयीन विद्यार्थी मात्र परवान्याच्या वयाखाली असूनही बालक नव्हे. त्यास सर्वसाधारण फौजदारी प्रक्रिया लागू होते. अटकेचे कारण समजण्याचा, वकिलाचा सल्ला घेण्याचा आणि २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे हजर केले जाण्याचा हक्क त्यास संविधानाच्या अनुच्छेद २२ ने दिला आहे.

मंडळापुढे जामीन हा नियम आणि नकार हा अपवाद आहे. मुलगा गुन्हेगारांच्या संगतीत पडेल, त्यास धोका पोहोचेल किंवा न्यायाचा हेतू विफल होईल, एवढ्याच कारणांनी जामीन नाकारता येतो. मे २०२४ मध्ये पुण्यात मद्यप्राशन केलेल्या सतरा वर्षांच्या मुलाच्या मोटारीखाली दोघांचा बळी गेला, तेव्हा लोकक्षोभ स्वाभाविक होता. जामिनावर सुटलेल्या मुलास मंडळाने नंतर निरीक्षणगृहात पाठविले. तो आदेश मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी जूनमध्ये बेकायदेशीर ठरविला. निर्णय अनेकांना रुचला नाही. पण एवढ्या गंभीर प्रकरणात जे संरक्षण टिकले, ते बिअरच्या एका बाटलीपायी पकडलेल्या शेतमजुराच्या मुलास नाकारण्यास काहीच आधार उरत नाही.

किरकोळ प्रकरणाची चौकशी पहिल्या हजेरीपासून चार महिन्यांत पूर्ण व्हावयास हवी. फार तर आणखी दोन महिने मिळतात. तरीही ती अपुरी राहिली तर कार्यवाही संपुष्टात येते. चौकशीअंती समज, समुपदेशन, समाजसेवा किंवा परिवीक्षा असे आदेश होऊ शकतात. मुलाचे नाव, छायाचित्र वा शाळा प्रसिद्ध करण्यास कलम ७४ ची मनाई असून भंग करणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. भ्रमणध्वनीवरील गावगटात फोटो फिरविणाऱ्यांनी हे ध्यानात घेतलेले बरे. प्रकरण निकालात निघाल्यावर चारित्र्य पडताळणीच्या वेळी पोलिसांना ही नोंद उघड करता येत नाही. केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या एका उमेदवाराच्या प्रकरणात, बालवयातील अपराध नोकरीच्या आड येऊ देता येणार नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दिला आहे.