समुद्रकाठचं घर आणि नऊ सह्या

निशा, तू रात्री मोबाईलवर सायप्रस-माल्टाचे फ्लॅट पाहून राहिलीस, आणि जावईबापूंचं म्हणणं की ते जमणार नसेल तर गोव्यात दोन खोल्या घेऊन टाकू. आमगावच्या जमिनीचे पैसे हाती आले की माणसाला असं होतंच. मी तुला आडवी येणार नाही. गोव्यात संसार करून जे पाहिलं, तेवढं सांगते. एजंट ते सांगणार नाही.

परदेशाचं आधी उरकते. आपल्या देशातून एका माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते. घरासाठी पाठवलेली रक्कम दहा लाख रुपयांच्या वर गेली की वरच्या पैशावर बँक वीस टक्के टीसीएस कापून घेते. तो पुढे आयकरात वळता होतो, पण तोवर अडकतो. शिवाय ते घर दरवर्षी विवरणपत्रात दाखवावं लागतं, विसरलीस तर काळ्या पैशाचा कायदा मागे लागतो. आणि तू मला पाठवलेली ती स्वस्त जाहिरात नीट वाच, घर उत्तर सायप्रसमध्ये आहे. 1974 साली तुर्की सैन्य आलं तेव्हा तिथले ग्रीक लोक घरंदारं सोडून दक्षिणेत पळाले. अशाच एका जमिनीवर एका इंग्रज जोडप्यानं बंगला बांधला. मूळ मालक दक्षिणेतल्या कोर्टात गेला, आणि तो निकाल ब्रिटनमध्येही बजावता येतो असं युरोपीय न्यायालयानं 2009 मध्ये सांगितलं. घर फार स्वस्त दिसलं की मूळ मालक कुठे आहे ते विचार. मग ते सायप्रसमधलं असो की गोव्यातल्या बार्देशमधलं.

आता गोवा. आपला गोंदिया जिल्हा पाच हजार चौरस किलोमीटरच्या वर, आणि सगळा गोवा 3,702. 2011 च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाख, आपल्या जिल्ह्याची सव्वातेरा. म्हणजे आपल्या जिल्ह्याहून लहान जागेत आपल्याएवढी माणसं, वर मुंबई-दिल्लीचे पैसेवाले. मोप्याचा विमानतळ 2023 च्या जानेवारीत सुरू झाला आणि पेडण्याकडच्या जमिनीचे भाव कुठल्या कुठे गेले. म्हणून ‘आजच घ्या, उद्या मिळणार नाही’ हे वाक्य तुला दिवसातून चारदा ऐकू येईल. येऊ दे.

इथं घर एका माणसाकडून विकत घेता येत नाही, अख्ख्या घराण्याकडून घ्यावं लागतं. पोर्तुगालचा 1867 चा नागरी कायदा इथं 1870 मध्ये आला, आणि लग्न-वारसाचा त्यातला गाभा अजून चालतो. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, निम्मी-निम्मी. नवऱ्याला बायकोच्या संमतीशिवाय घर विकता येत नाही. बाप गेला की निम्मं आईचं राहतं, उरलेलं मुलगा-मुलगी न बघता सगळ्या लेकरांत सारखं. आणि लेकरांची लग्नं झालेली असली की सुना-जावयांचाही हात त्यात. आता हिशेब कर : म्हातारी आई, चार मुलं, चार सुना-जावई. नऊ सह्या. त्यातला एक लिस्बनला, एक दुबईला, एक भावाशी अबोला धरून मडगावात. आपल्याकडे बहिणीकडून हक्कसोड लिहून घेतात ना, तसं भावानं हात फिरवला की झालं, हे इथं चालत नाही. मला तरी तो कायदा आवडतो गं. आपल्या आईला असा वाटा मिळाला असता तर!

म्हणून वाटणी कोर्टात झाली का, ते विचार. तिला इथं ‘इन्व्हेंटरी’ म्हणतात. ती झालेली नसेल तर व्यवहाराला हात लावू नकोस. सातबाऱ्याच्या जागी इथं ‘फॉर्म एक आणि चौदा’ असतो. त्यावरचं नाव म्हणजे मालकी असं समजू नकोस, ‘इतर हक्क’ वाच. तिथं मुंडकाराचं नाव दिसलं तर थांब. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या जमिनीत पिढ्यान्‌पिढ्या घर करून राहणाऱ्या मुंडकाराला 1975 च्या कायद्यानं संरक्षण आहे, त्याला उठवता येत नाही. जमीन कोमुनिदादची, म्हणजे गावकऱ्यांच्या संस्थेची असेल तरीही थांब. आपल्याकडे मालगुजारी 1951 मध्ये गेली तरी गावाचा निस्ताराचा हक्क राहिलाच ना? इथंही गावाचा जमिनीवरचा जुना हक्क असा सहज जात नाही. मालक परदेशी असलेल्या जमिनी खोट्या कागदांवर लाटल्याची प्रकरणं एवढी झाली की 2022 मध्ये सरकारला खास तपास पथक नेमावं लागलं.

शेत घेऊन पुढं घर बांधू, हा विचार तर सोडच. भातशेतीची जमीन शेतकरी नसलेल्याला विकायला 2023 च्या कायद्यानं बंदी आहे. इतर जमिनीलाही बांधकामासाठी जिल्हाधिकाऱ्याची सनद लागते. झोन बदलून देतो म्हणणारे भेटतील. त्या बदलांवरूनच इथं कोर्टकज्जे आणि मोर्चे चालू आहेत, त्या भांडणात आपण कशाला? समुद्र दिसतोय म्हणून भुलू नकोस. भरतीच्या रेषेपासून 200 मीटरच्या आत नवं बांधकाम जवळजवळ होतच नाही, 200 ते 500 मीटरमध्येही अटी आहेत. बिल्डरचा फ्लॅट असेल तर रेराचा नंबर स्वतः तपास. ‘भाड्यानं देऊ, घर स्वतःचे हप्ते फेडेल’ असं म्हणणाऱ्याला पर्यटन खात्याची नोंदणी दाखवायला सांग, चेहरा बघण्यासारखा होतो.

कागद पक्के निघाले तरी मन लगेच पक्कं करू नकोस. डिसेंबरात गोवा सगळ्यांनाच आवडतो. तू जुलैत ये. पाऊस आपल्या दुपटीच्या आसपास पडतो, कपाटातल्या साड्यांना बुरशी येते, लोखंड गंजतं, वीज जाते. मग मेमध्ये ये आणि त्याच गावात टँकर किती येतात ते मोज. बागा-कळंगुट सोड. काणकोणला, सांग्याला, डिचोलीला चार दिवस राहा, बाजारात जा. जावईबापूंना मासे नकोत, हेही लक्षात असू दे. आणि रात्री छातीत दुखलं तर बांबोळीचं सरकारी मेडिकल कॉलेज त्या घरापासून किती वेळावर, ते घड्याळ लावून बघ.

माझं मत विचारशील तर आधी वर्षभर भाड्यानं राहा. जमलं तर घे, नाही तर पैसे बँकेत आहेतच. तुमच्याकडून महाराष्ट्र एक्सप्रेसनं कोल्हापूर आणि पुढं एसटी असं दमत येऊ नका, नागपूरहून विमान पकडा. इथला वकील मी शोधते, विकणाऱ्याच्या ओळखीचा नको. तोवर इसार म्हणून एक रुपयाही कुणाच्या हातावर ठेवू नकोस, आणि जावईबापूंनाही ठेवू देऊ नकोस.