इंजिन खोलण्याआधी टाकीत डोकावा

आपल्यापैकी अनेक व्यापारी बंधू मालाच्या ने-आणीसाठी जुनी बस भागीदारीत घेतात, आणि पुष्कळ कारागीर भावांची रोजीरोटी तर गॅरेजवरच चालते. तेव्हा कापडाच्या पेढीवर बसणारा माणूस इंजिनावर काय लिहिणार, असे म्हणून हा मजकूर सोडून देऊ नये, ही विनंती. मी मिस्त्री नाही. पण एका जुन्या डिझेल इंजिनाने मला ३२ हजार रुपये घेऊन एक धडा दिला आहे. तो इतरांना फुकट मिळावा म्हणून लिहीत आहे.

गोष्ट १९९६ सालची. मालेगावहून नाशिककडच्या बाजारांना साड्या-लुंग्यांचे गठ्ठे आणि सोबत वीस-पंचवीस बाजारकरी नेण्यासाठी मी आणि माझ्या थोरल्या भावाने एक जुनी बस घेतली होती. इंजिन टाटाचे ६९७. या नावातच त्याचा हिशेब आहे : ६ म्हणजे सहा सिलिंडर आणि ९७ म्हणजे सिलिंडरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. गाडी सपाटीवर छान पळायची. पण चांदवडच्या अलीकडे राहूड घाट चढायला लागली की दम सोडायची. आधी वेग तुटायचा, मग इंजिन दोन-चार गचके खाऊन बंद. दहा-पंधरा मिनिटे उभी केली की पुन्हा सुरू, जणू काही झालेच नाही.

गावातल्या एका मिस्त्रीने ऐकल्याबरोबर निकाल दिला : रिंगा गेल्या, बोअर झिजले, इंजिन बांधावे लागेल. दिवाळीनंतर बांधले. लायनर, पिस्टन, बेअरिंग सगळे नवे. ईदच्या हंगामाचा माल भरण्यासाठी बाजूला ठेवलेले ३२ हजार त्यात गेले. डिसेंबरात गाडी पुन्हा गठ्ठे भरून निघाली आणि त्याच घाटात, जवळजवळ त्याच वळणावर, पुन्हा उभी राहिली. त्या दिवशी भावाने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती मी विसरलेलो नाही.

चांदवडला रस्त्याकाठी एक म्हातारे उस्ताद बसत. त्यांना आणले. त्यांनी पाना हातात घेतला नाही, आधी विचारले, "बंद पडताना धूर किती होता?" ड्रायव्हर म्हणाला, "चाचा, धूर नव्हताच." चाचा हसले आणि मला म्हणाले, "शेठ, इंजन बीमार नहीं, भूका है."

हे वाक्य नीट समजून घेतले पाहिजे, कारण जुन्या डिझेल इंजिनाची अर्धी परीक्षा त्यात आहे. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सायकलचा पंप जोराने मारला की त्याची नळी हाताला गरम लागते, हा अनुभव सर्वांना आहे. तेच इथे फार मोठ्या प्रमाणावर होते. पिस्टन हवेला सुमारे सतरा पटीने दाबतो, हवा इतकी तापते की त्यात डिझेलचा बारीक फवारा पडताच तो आपोआप पेटतो. म्हणजे इंजिनाला तीनच गोष्टी लागतात : पुरेशी हवा, पुरेसा दाब, आणि वेळेवर पुरेसे डिझेल. हवा कमी पडली किंवा नोझलमधून फवाऱ्याऐवजी थेंब पडू लागले तर डिझेल अर्धवट जळते आणि काळा धूर निघतो. रिंगा झिजून ऑइल वर चढले तर धूर निळसर होतो. पांढरा धूर म्हणजे न जळलेले डिझेल, किंवा हेड गॅस्केटमधून आत शिरलेले पाणी. रेडिएटरची पातळी रोज उतरत असेल तर ते पाणीच समजावे. पण ताकद गेली आणि धूरही गेला, तर डिझेल वरपर्यंत पोहोचतच नाही. आमच्या इंजिनाला रिंगांचा आजार असता तर धुराने आणि ऑइलच्या खर्चाने ते केव्हाच सांगितले असते.

आता डिझेलचा रस्ता पाहू. टाकीतून नळीने ते फीड पंपाकडे येते. हा लहान पंप, ज्याला सगळे अजून मायको पंप म्हणतात त्या मोठ्या पंपाच्या अंगावर बसवलेला असतो. (कंपनीचे नाव २००८ साली बॉश झाले, पण गॅरेजमधले नाव बदललेले नाही.) फीड पंपाकडून फिल्टरमध्ये, फिल्टरमधून मोठ्या पंपात, आणि तिथून सहा लोखंडी नळ्यांनी सहा नोझलांकडे. फीड पंपाच्या पुढे डिझेल ढकलले जाते. तिथे जोड सैल असेल तर डिझेल गळते, थेंब दिसतो, पोरगासुद्धा दाखवील. पण टाकीपासून फीड पंपापर्यंत डिझेल ओढले जाते. तिथे जोड सैल असेल तर बाहेर थेंबही येत नाही, उलट बाहेरची हवा आत जाते. ड्रायव्हर म्हणतो, कुठेच गळती नाही, आणि गाडी मात्र एअर धरते. न दिसणारी ही गळती आणि ओढण्याच्या नळीत बसलेला बोळा, या दोन गोष्टींनी किती मालकांची इंजिने उगाच खोलली गेली असतील!

चाचांनी काय केले ते सांगतो. एक स्वच्छ कॅन घेतला, त्यात गाळलेले डिझेल भरले आणि तो ड्रायव्हरच्या शेजारी इंजिनापेक्षा उंचावर बांधला. टाकीकडून येणारी नळी फीड पंपावरून सोडली आणि तिथे कॅनची नळी जोडली. सगळ्यांच्या विड्या विझवायला लावल्या. मग फीड पंपाच्या डोक्यावरचा हँडपंप मारत फिल्टरवरचा स्क्रू सैल केला. आधी फेस आला, मग बुडबुडे, मग स्वच्छ धार. धार चालू असतानाच स्क्रू आवळला. लक्षात घ्या, हात थांबवून आवळला तर हवा पुन्हा आत राहते. हेच मोठ्या पंपावरच्या स्क्रूला केले. गाडी सुरू झाली आणि भरल्या गठ्ठ्यांसह घाट चढून वर गेली. म्हणजे पंप, नोझल, पिस्टन सगळे ठीक. दोष टाकी ते फीड पंप एवढ्या आठ-दहा फुटांत. या परीक्षेला एक कॅन आणि दोन हात नळी लागली.

टाकी उतरवली तेव्हा ओढण्याच्या नळीच्या जाळीवर सुताचा ओला लगदा बसलेला निघाला. तो कुठून आला हे सांगायला मला आजही लाज वाटते. टाकीचे झाकण काही महिन्यांपूर्वी एका पंपावर राहून गेले होते, आणि नवे घेण्याऐवजी मीच दुकानातल्या कोऱ्या कापडाचा बोळा करून तोंडावर ठोकायला दिला होता. हादऱ्यांनी त्याचे तंतू सुटून आत पडत. सपाटीवर इंजिन कमी डिझेल मागते, तेव्हा जाळीतून भागायचे. घाटात मागणी वाढली की ओढ वाढे, लगदा जाळीला घट्ट चिकटे आणि वाट बंद. गाडी थांबली की ओढ थांबे, लगदा सुटून तरंगे आणि इंजिन पुन्हा सुरू. आयुष्य कापडात गेले आणि ३२ हजारांचे नुकसान कापडानेच केले. झाकण असले तरी त्यातले हवेचे बारीक छिद्र धुळीने बुजले तर असाच खेळ होतो. बंद पडल्या क्षणी झाकण उघडावे. आत हवा शिरल्याचा फुस्स आवाज आला तर चोर सापडला.

आपल्या यंत्रमागाच्या भावांना हे वेगळे सांगायला नको. कापडात बाणा तुटू लागला म्हणून कोणी पहिल्या दिवशी माग उघडून ठेवत नाही. आधी कांडी पाहतो, सूत पाहतो, धोटा पाहतो. इंजिनाबाबत मात्र आपण घाबरून सरळ मोठ्या कामाला हो म्हणतो.

दुसरी नेहमीची तक्रार मिसिंगची, म्हणजे एखादा सिलिंडर काम करत नाही आणि गाडी लंगडते. तो ओळखायची रीत अशी. इंजिन स्लो चालू ठेवून एकेका नोझलच्या नळीचा नट अर्धा आटा सैल करावा. चांगला सिलिंडर असेल तर आवाज लगेच पडतो. ज्याचा नट सैल केल्याने काहीच फरक पडत नाही तोच मेलेला. मग त्याचे नोझल काढून शेजारच्या चांगल्या सिलिंडरमध्ये बसवावे आणि शेजारचे इकडे. दोष नोझलबरोबर सरकला तर नोझल खराब, काम थोडक्यात भागले. दोष जागेवरच राहिला तर मात्र व्हॉल्व्ह, रिंग किंवा गॅस्केट, आणि तेव्हा मिस्त्री हेड खोलायला सांगत असेल तर तो खरे बोलत आहे. नोझलखालचा तांब्याचा वॉशर नवा घालावा. नाहीच मिळाला तर जुना लाल तापवून थंड करावा, तांबे पुन्हा मऊ होते. नोझलच्या फवाऱ्यासमोर बोट कधीही धरू नये. या जुन्या इंजिनातही दाब सुमारे २०० बार असतो, म्हणजे बसच्या टायरच्या जवळपास तीसपट. फवारा कातडीतून आत शिरतो आणि बोट कापायची पाळी येते. असे झाले तर जखम लहान दिसली तरी त्याच तासाला दवाखाना गाठावा.

पिकअप कमी झाला तर पंपाचे सील तोडून डिझेल वाढवून देणारे कारागीर सर्वत्र आहेत. चार दिवस गाडी पळते, मग काळा धूर, तापलेले इंजिन आणि जळालेला पिस्टन. त्याआधी एक सोपे काम करावे : एकाने ॲक्सिलरेटर पूर्ण दाबावा आणि दुसऱ्याने पंपावरचा दांडा शेवटपर्यंत जातो का ते पाहावे. कित्येकदा लिंकेज ढिले असते, किंवा इंजिन बंद करायची केबल अर्धी अडकून डिझेल आधीच कमी करत असते. मग एअर फिल्टर. ऑइलच्या भांड्याचा जुना फिल्टर असेल तर खुणेपेक्षा जास्त ऑइल भरू नये. जास्तीचे ऑइल इंजिन आत ओढते, त्यावरच पळू लागते आणि डिझेल तोडले तरी थांबत नाही. तेव्हा हवेचे तोंड फळीने बंद करावे, हात लावू नये.

डिपस्टिकवर ऑइल वाढलेले दिसले तर खूश होऊ नये. पातळ होऊन डिझेलचा वास येत असेल तर पंपाकडून डिझेल खाली उतरत आहे. दुधाच्या चहासारखा रंग असेल तर पाणी. दोन्ही वेळी गाडी एक किलोमीटरही चालवू नये, बेअरिंगे जातील. रिंगांचा खरा संशय असेल तर चालू इंजिनाच्या ऑइलचे झाकण उघडून पाहावे. तिथून भकाभका धूर येत असेल तरच खिशाला हात घालावा.

एक इशारा. नट सैल करण्याची ही रीत फक्त जुन्या पंपाच्या इंजिनासाठी आहे. नव्या कॉमन रेल गाड्यांत, आणि एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल बसगाड्या त्यातच येतात, दाब हजार बारच्या कितीतरी वर असतो. त्यांच्या चालू इंजिनाची नळी सैल करणे म्हणजे जीवाशी खेळ. तिथे कॉम्प्युटर लावणारा कारागीरच हवा.

आमची ती बस पुढे सहा वर्षे त्याच घाटातून गेली. तिच्या पेटीत दोन हात पारदर्शक नळी, एक कॅन, तांब्याचे वॉशर आणि टाकीचे एक जादा झाकण कायम असे. नळी पारदर्शक अशासाठी, की फीड पंपाच्या आधी जोडली तर बुडबुडे डोळ्यांनी दिसतात. पुसण्याची कापडे मात्र भावाने पेटीतून काढून माझ्या सीटखाली ठेवली होती, टाकीपासून लांब.